वाचकांचे प्रश्न : नवी माती, गढूळ पाणी

पाणवनस्पतींची टाकी नव्याने लावणाऱ्यांची पत्रं या वेळी जास्त आहेत आणि बहुतेकांची तक्रार एकच आहे : पाणी निवळत नाही. पण ‘गढूळ’ या एकाच शब्दात वाचक चार वेगळ्या गोष्टी सांगत असतात, आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. म्हणून दुकानातून बाटली आणण्याआधी एवढं करा. टाकीतलं पाणी काचेच्या स्वच्छ ग्लासात घ्या, मागे पांढरा कागद धरा आणि रंग बघा. मग ग्लास झाकून चोवीस तास अजिबात न हलवता ठेवा. तळाला करडा-तपकिरी साका बसून वरचं पाणी उजळलं असेल, तर ती मातीची धूळ. दुसऱ्या दिवशीही पाणी ताकाच्या निवळीसारखं पांढुरकंच राहिलं, तर जिवाणू. हिरवी झाक असेल तर तरंगतं शैवाल. आणि रंग कोऱ्या चहाचा पण आरपार स्वच्छ दिसत असेल, तर ते लाकडातून उतरलेलं टॅनिन. त्याने काही बिघडत नाही. रंग नकोच असेल तर फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन ठेवा.

प्रश्न (पुणे) : ६० × ३० × ३६ सेंटिमीटरची टाकी आहे. नऊ लिटर अ‍ॅक्वासॉइल टाकली. पिशवीवर ‘धुऊ नका’ असं होतं म्हणून धुतली नाही. रोपं लावून बादलीने पाणी भरलं, तर सगळं दुधाच्या चहासारखं झालं. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा, नळ्यांनी जोडलेला बंद डबा) तीन दिवस अखंड चालू आहे, तरी मागची काच दिसत नाही. माती धुवायला हवी होती का? आता सगळं उपसून पुन्हा लावू का?

उत्तर : धुतली नाहीत हे बरोबरच केलंत. चुकलं ते बादलीने भरण्यात. अ‍ॅक्वासॉइल म्हणजे मातीचे हलके भाजलेले दाणे. कोरडे असताना टणक लागतात, पण भिजले की दोन बोटांत चुरडतात. तांदळासारखे चोळून धुतले तर दाण्यांचा चिखल होतो आणि त्यांत भरलेलं अमोनियमही वाहून जातं. रोपांसाठी पैसे मोजून आणलेलं खत ते हेच. (सीकेमच्या फ्लोराइटसारखी टणक मातीची खडी, साधी वाळू आणि बारीक खडी मात्र धुवावीच लागते. एका वेळी दोन-तीन किलो बादलीत घ्या आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. दहा-पंधरा पाणी लागली तरी कंटाळू नका.)

तीन दिवसांत पाणी का निवळलं नाही, ते हिशेबाने बघू. दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मातीचा कण स्थिर पाण्यात तासाला जेमतेम सव्वा-दीड सेंटिमीटर खाली येतो. तुमच्या टाकीचा तळ गाठायला त्याला एक दिवस लागेल. कण अर्ध्या मायक्रॉनचा असेल तर वेग सोळा पटींनी कमी होतो, म्हणजे दोन-तीन आठवडे. हेही पाणी पूर्ण स्थिर असेल तर. तुमचा फिल्टर ते सतत ढवळतो आहे आणि त्यातला जाड स्पंज व सिरॅमिकच्या रिंगा इतके बारीक कण अडवतच नाहीत. ते एका नळीतून आत जातात आणि दुसरीतून बाहेर येतात. आरओचं पाणी असेल तर आणखी वेळ लागतो. मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. कठीण पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम तो भार झाकतं आणि कणांचे पुंजके होऊन ते खाली बसतात. आरओच्या पाण्यात हे क्षार जवळपास नसतातच.

सगळं उपसायची गरज नाही, रोपं आहेत तिथेच राहू द्या. फक्त पाणी काढायचं आहे, आणि तेही धूळ तरंगत असताना. रात्रभर बसू दिलंत तर जाड धूळ मातीवर आणि पानांवर जाऊन बसेल, मग पुढच्या प्रत्येक हालचालीला पुन्हा उठेल.

आधी हिटर आणि फिल्टर बंद करा. पानांच्या वर तळहात हळू हलवून त्यांवर बसलेली भुकटी उडवा आणि लगेच पातळ नळीने पाणी ओढायला घ्या. मातीच्या वर एक सेंटिमीटर पाणी राहिलं की थांबा. रोपं उघडी पडली असतील तर स्प्रेच्या बाटलीने ओली ठेवा. आता मातीवर प्लॅस्टिकचा कागद पसरा. दुधाच्या पिशव्या कापून, धुऊन, सपाट करून ठेवल्या तरी चालतात, बबल रॅप मिळालं तर उत्तम, कारण पाण्याबरोबर ते वर वर तरंगत येतं. बादली टाकीपेक्षा उंच ठेवा, एअर पंपाची चार मिलिमीटरची नळी त्यात सोडा आणि तिचं तोंड त्या कागदावर टेकवा. पाणी बारीक धारेने येईल. पूर्ण टाकी भरायला दीड-दोन तास लागतील, लागू द्या.

पण एकदम पूर्ण भरू नका. तुमच्या टाकीत तळापासून दहा सेंटिमीटर भरायला मातीसकट अठराच लिटर होतात. तेवढं भरून बघा. पुन्हा तपकिरी झालं तर तेवढंच काढा आणि परत भरा. अशा दोन फेऱ्यांत बहुतेक धूळ निघते आणि पाणी पन्नास लिटरऐवजी वीस-तीस लिटरच जातं. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, त्यात अमोनियम असतं.

टाकी भरली की फिल्टरमध्ये पॉलिएस्टरच्या कापसाचा तीन सेंटिमीटर थर द्या. जाड स्पंजनंतर आणि सिरॅमिक रिंगांच्या आधी. औषधाच्या दुकानातला कापूस नको, तो सडतो. पहिल्या दिवशी दर सहा-आठ तासांनी कापूस काढून बघा. पांढरा थर चॉकलेटी, चिकट झालेला दिसेल. तो फेकून नवा घाला. पुढचे तीन दिवस रोज एकदा बदलला तरी पुरे. पाणी सोडणारी नळी पृष्ठभागाकडे वळवा, मातीकडे नको. कार्बनचा इथे उपयोग नाही, तो विरघळलेला रंग धरतो, धूळ नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मागची काच दिसायला हवी. नाही दिसली तर ग्लासची परीक्षा पुन्हा करा, कारण तोवर प्रकार बदललेला असू शकतो.

ज्यांची टाकी अजून लागायची आहे त्यांच्यासाठी : पिशवीच्या तळाशी उरते ती भुकटी टाकीत झटकू नका. माती पुढे तीन-चार आणि मागे सात-आठ सेंटिमीटर ठेवा. लावणीआधी स्प्रेने ओली करा. कोरड्या दाण्यांत अडकलेली हवा पाणी भरताना बुडबुड्यांनी बाहेर पडते आणि प्रत्येक बुडबुडा चिमूटभर धूळ वर आणतो.

प्रश्न (नाशिक) : चार दिवस पाणी काचेसारखं होतं. पाचव्या दिवशी सकाळी पांढरं धुकं. तेव्हापासून रोज ऐंशी टक्के पाणी बदलते आणि स्पंज नळाखाली पिळून धुते. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. टाकीत सहा गप्पी सोडले आहेत. सकाळी ते वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतात.

उत्तर : आधी गप्पींचं बघू. पाण्यापेक्षा त्यांची घाई जास्त आहे. आत्ताच एअर पंप लावा आणि एअर स्टोन रात्रभर चालू ठेवा. रोपांसाठी कार्बन डायऑक्साइड देत असाल तर तीन-चार दिवस पूर्ण बंद. दोन दिवस खाद्य घालू नका. ओळखीच्या कोणाकडे जुनी, चालती टाकी असेल तर गप्पी तिथे हलवा.

पांढरं धुकं म्हणजे पाण्यात मोकळे वाढणारे जिवाणू. नव्या मातीतून आणि लाकडातून विरघळलेला सेंद्रिय माल उतरतो, त्यावर ते काही तासांत दुपटीने वाढतात. अमोनियाचं नायट्रेट करणारे उपयोगी जिवाणू वेगळे. ते दगडाला, मातीला, स्पंजला चिकटून राहतात आणि फार सावकाश वाढतात. धुकं करणाऱ्यांचा माशांना थेट त्रास नाही, पण ते प्राणवायू फस्त करतात. आधीच तीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. रात्री रोपंही तोच घेतात. म्हणून मासे सकाळी वर दिसतात. आणि अशा दिवसांत लाइट गेले तर अडचण अधिकच. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असू द्या.

आता तुमच्या पाणी बदलण्याविषयी. मासे नसते तर रोज पन्नास टक्के बदला असंच सांगितलं असतं, कारण नवी अ‍ॅक्वासॉइल पहिले तीन-चार आठवडे अमोनियम सोडत राहते. पण मासे असताना एक धोका आहे, तो फार थोड्यांच्या लक्षात येतो. अ‍ॅक्वासॉइल पाण्याचा पीएच साडेसहाच्या आसपास आणते. तिथे अमोनिया जवळपास सगळा निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात असतो, विषारी भाग हजारात दोन-तीन. आता त्यात पीएच आठचं कठीण पाणी एकदम ऐंशी टक्के ओतलं, की पीएच चढतो. अठ्ठावीस अंशांना पीएच आठवर विषारी भाग सहा-सात टक्क्यांवर जातो. किट एकूण अमोनिया लिटरला एक मिलिग्रॅम दाखवत असेल, तर विषारी भाग ०.०६-०.०७ मिलिग्रॅम झाला, आणि ०.०५च्या पुढे माशांच्या कल्ल्यांना इजा होते. पाणी स्वच्छ आणि मासे कासावीस, असं होतं ते यामुळे. म्हणून पंचवीस टक्के सकाळी, पंचवीस संध्याकाळी. दर वेळी अँटी-क्लोरीन घालून, टाकीइतक्याच तापमानाचं पाणी. अमोनियाचा किट आणाच. मासे ठेवायचे असतील तर तो आकडा कळल्याशिवाय भागत नाही.

स्पंज नळाखाली धुणं आजपासून बंद. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन नेमक्या त्याच जिवाणूंना मारतं ज्यांची आपण वाट बघतो. टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा हलका पिळा, तेवढं पुरे. तपकिरी राहिला तरी चालेल. हे धुकं साधारण चार दिवस ते दोन आठवड्यांत आपोआप जातं. लवकर हवं असेल तर यूव्हीचा छोटा दिवा लावता येतो, त्यातून पाणी सावकाश जायला हवं. हॉर्नवर्ट किंवा वॉटर विस्टेरिया या पाणवनस्पतींच्या दोन-तीन जुड्या वर मोकळ्या तरंगत सोडा. अमोनियम खाणारी इतकी स्वस्त आणि वेगवान दुसरी गोष्ट नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा आई हंड्यात तुरटी फिरवते, सकाळी पाणी निवळलेलं असतं. आजी निवळीच्या बिया उगाळून घालायची असं सांगते. टाकीत तुरटी फिरवली तर? दुकानदार एक ‘क्लॅरिफायर’ही देतोय.

उत्तर : टाकीत नको. हंड्यात तुरटी काम करते ती दोन गोष्टींच्या बळावर. पाण्यात विरघळल्यावर तिच्यातलं अ‍ॅल्युमिनियम पाण्यातल्या बायकार्बोनेटशी क्रिया करून पांढरे, चिकट तुरे बनवतं, त्यांत माती अडकते आणि तळाला बसते. दुसरी गोष्ट, तुम्ही वरचं पाणी गाळून घेता, साका हंड्यातच राहतो. टाकीत हा साका रोपांवर आणि मातीवर बसून राहणार. शिवाय दहा मिलिग्रॅम तुरटी साधारण तीन मिलिग्रॅम क्षारता खाते. अ‍ॅक्वासॉइलने केएच (पीएच धरून ठेवणाऱ्या या क्षारतेचं अंशांतलं माप) आधीच शून्य-एकवर आणलेला असतो. तिथे तुरटी पडली की पीएच घसरतो, अ‍ॅल्युमिनियम तुरे न बनवता पाण्यातच विरघळलेलं राहतं आणि माशांच्या कल्ल्यांवर जाऊन बसतं. मासे आणि कोळंबी दोन्ही मरतात.

पण नळाचंच पाणी गढूळ असेल, तर आईची पद्धत टाकीबाहेर जरूर वापरा. शंभर लिटरच्या पिंपात दोन-तीन ग्रॅम तुरटी ग्लासभर पाण्यात विरघळवून घाला. एक मिनिट जोरात ढवळा, मग दहा मिनिटं अगदी हळू. हे हळू ढवळणं चुकवू नका, पुंजके त्यातच मोठे होतात. रात्रभर ठेवा आणि तळाचं दहा सेंटिमीटर सोडून वरचं नळीने काढा. त्या पाण्याचा केएच दोन-तीन अंश तरी आहे ना, हे तपासून मगच ते टाकीत घाला.

निवळीच्या बियांचं काम खरंच होतं. नावच त्यावरून पडलंय. पण त्यांचा उगाळलेला अंश सेंद्रिय असतो, टाकीत तो कुजून वर नाशिकच्या पत्रातलं धुकं आणेल. पिण्याच्या हंड्यापुरती ठेवा.

क्लॅरिफायरमध्ये बहुधा पॉलिमर असतं. ते बारीक धुळीचे पुंजके करतं आणि फिल्टरमध्ये कापूस असेल तरच ते पकडले जातात. म्हणजे धुळीवर उपयोग होतो, पांढऱ्या धुक्यावर फारसा नाही. बाटलीवरच्या मात्रेच्या अर्ध्यापासून सुरुवात करा. जास्त घातलं तर कणांवर उलटा भार चढतो, ते पुन्हा एकमेकांना ढकलू लागतात आणि पाणी पहिल्यापेक्षा गढूळ होतं.

प्रश्न (परभणी) : अ‍ॅक्वासॉइल परवडत नाही. शेतातली काळी माती खाली आणि वर वाळू असं करता येईल का? कापसाला एवढी मानवते, तर रोपांनाही मानवेल.

उत्तर : खाली माती आणि वर वाळू ही पद्धत चांगली आहे आणि स्वस्तही आहे. पण काळी माती त्यासाठी घेऊ नका. उन्हाळ्यात जिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसात जी चपलेला किलोभर चिकटते, तीच ही माती. तिच्यातली मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि तिचे कण इतके बारीक सुटतात की आठवडे तरंगत राहतात. शिवाय काळ्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात, ते पाण्याचा कठीणपणा वाढवत राहतात. थोडी माती वाटीत घेऊन व्हिनेगर टाका. फसफसली तर चुना आहे.

बरणीची परीक्षा घरीच करा. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, दोन मिनिटं जोरात हलवून ठेवा. वाळू मिनिटभरात खाली बसते, पोयटा दोनेक तासांत, आणि चिकणमाती सगळ्यांत शेवटी. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी बऱ्यापैकी निवळलं तर ती माती चालेल. काळ्या मातीची बरणी तिसऱ्या दिवशीही बहुधा धूसरच दिसेल.

त्याऐवजी नर्सरीतली खत न घातलेली लाल माती घ्या. कोकणातल्या जांभ्याची मिळाली तर फारच छान. ती फारशी फुगत नाही आणि तिच्यात लोह भरपूर असतं. काडीकचरा चाळून काढा. घमेल्यात भिजवा, वर तरंगणारं ओतून द्या, उन्हात वाळवा. असं तीन-चार वेळा केलं की सडणारा बहुतेक माल आधीच सडून जातो. शेणखत, निंबोळी पेंड, युरिया काहीही मिसळू नका. टाकीत मातीचा थर दोन सेंटिमीटर, त्यावर एक-दोन मिलिमीटर दाण्याची धुतलेली खडी तीन-चार सेंटिमीटर. काचेलगत चार बोटं जागा फक्त खडीने भरा, म्हणजे समोरून माती दिसत नाही आणि निसटतही नाही. बांधकामाच्या ढिगातली वाळू नको, त्यात सिमेंट असेल तर पीएच चढतो. मातीचा थर जाड केलात तर खाली हवा पोचत नाही आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. तसा वास आला तर बारीक काडीने हळूच भोकं पाडा, एका दिवशी टाकीच्या एकाच कोपऱ्यात.

प्रश्न (पनवेल) : पाणी आता स्वच्छ आहे, पण रोप उपटलं की टाकी पुन्हा गढूळ.

उत्तर : उपटू नका. खोड मातीलगत कात्रीने कापा आणि मुळं आत राहू द्या, ती सावकाश कुजून खतच होतात. काढणं भागच असेल तर मुळांभोवतीची माती एका हाताने दाबून धरा, रोप इंच इंच वर ओढा आणि दुसऱ्या हातातली सायफनची नळी मुळांशी धरा. उठणारी धूळ तिथल्या तिथे ओढली जाते. अ‍ॅक्वासॉइल दीड-दोन वर्षांची झाली असेल तर दाणेच विरघळू लागलेले असतात. मग ती बदलायची वेळ आली आहे.

प्रश्न (ठाणे) : तिसऱ्या आठवड्यात पाणी पोपटी झालं. दिवा रोज दहा तास असतो.

उत्तर : दिवा जास्त आणि मातीतून येणारं अमोनियम, दोन्ही शैवालाला मिळालं. अर्धं पाणी बदला, टाकी जाड चादरीने चार दिवस पूर्ण झाका, हवा चालू आणि कार्बन डायऑक्साइड बंद. मधे डोकावू नका, खाद्यही नको. चादर काढल्यावर मेलेलं शैवाल पाण्यात सडू नये म्हणून लगेच पुन्हा अर्धं पाणी बदला. पुढे दिवा सहा तास, टायमर लावून.

प्रश्न (सांगली) : अ‍ॅक्वासॉइलची टाकी लावून दहा दिवस झाले. पाणी लख्ख आहे. चेरी श्रिंप (छोटी लाल कोळंबी) सोडू का?

उत्तर : अजून नाही. लख्ख दिसणाऱ्या पाण्यातही अमोनिया दोन-तीन मिलिग्रॅम असू शकतो, डोळ्यांना तो दिसत नाही. पहिला आठवडा रोज किंवा एक दिवसाआड अर्धं पाणी बदला, दुसऱ्यात एक दिवसाआड, तिसऱ्यात दोनदा, मग आठवड्यातून एकदा. अमोनिया आणि त्याचं नायट्रेट होताना मधे तयार होणारं नायट्राइट, दोन्ही सलग आठवडाभर शून्य दिसायला हवेत. साधारण चार ते सहा आठवडे धरून चाला. बोअरचं कठीण पाणी असेल तर पीएच आणि केएचही आठवड्यात दोनदा लिहून ठेवा, कारण तुमच्या मातीचा पीएच धरून ठेवण्याचा दम लवकर संपेल आणि तो बदल कोळंबीला सोसत नाही. सोडताना पिशवीतलं पाणी छोट्या डब्यात घ्या, त्यात टाकीचं पाणी गाठ मारलेल्या एअरच्या नळीने सेकंदाला दोन थेंब असं दीड-दोन तास पडू द्या. मग कोळंबी जाळीने उचलून सोडा, पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. पहिल्यांदा पाचच सोडा आणि दहा दिवस बघा.